तीन नंबरची पवनचक्की

पाच वाजले नव्हते, तरी बेकरीमागच्या मैदानात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. माणसं घरून खुर्च्या घेऊन आली होती. ज्यांना उशीर झाला ते दुसऱ्यांच्या सतरंजीच्या कडेवर बूड टेकवून "जरा सरका" म्हणत होते. सगळ्यांची तोंडं पश्चिमेच्या टेकडीकडे लागली होती. टेकडीवर सात पवनचक्क्या आपल्या संथ चालीनं फिरत होत्या. मैदानाच्या टोकाला फळ्यांचं व्यासपीठ, त्यावर एक स्टूल, आणि स्टुलावर राखाडी अंगरखा घातलेला एक मनुष्य डोळे मिटून बसला होता. त्याच्या पायाशी वेताची टोपली होती.

पाच वाजून अठरा मिनिटांनी तो उठला. लांबलचक बाही सावरत त्यानं उजवा हात वर केला, पंजा टेकडीकडे धरला आणि म्हणाला, "थांब."

आणि तीन नंबरची पवनचक्की थांबली. पाती मंदावली, आणखी मंदावली, आणि वारा वाहत असताना, शेजारच्या सहा चक्क्या गरगर फिरत असताना, ही एकटी शिक्षा झाल्यासारखी उभी राहिली. मैदानातल्या तीनशे माणसांनी एकदम छाती भरून श्वास घेतला. काही बाया रडत होत्या. हात दुखू नये म्हणून गुरूच्या कोपराखाली दोन भक्त उशी धरून उभे राहिले, आणि तसा तो सत्तावीस मिनिटं हात वर करून उभा होता. मग त्यानं हात खाली घेतला, म्हणाला, "जा, फीर." चक्की पुन्हा फिरू लागली.

या चक्क्यांचा मी मेकॅनिक. महिनाभर दुसऱ्या एका टेकडीवर पात्यांच्या दुरुस्तीला गेलो होतो आणि त्याच दुपारी परतलो होतो. तेव्हा खरं ते सांगून टाकतो. ती चक्की थांबली तेव्हा क्षणभर माझाही विश्वास बसला. मग गुरूचा चेहरा नीट पाहिला आणि तो उडाला. हा तर आमचा घड्याळवाला. चौकात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. लोक मोबाइलवर वेळ बघायला लागले आणि त्याच्या दुकानावर माशा बसू लागल्या. आता त्याला सगळे श्वासगुरू म्हणत होते. ज्या माणसाला माझं साधं मनगटी घड्याळ दोन महिन्यांत सुरू करता आलं नव्हतं, तो आता वाऱ्याला हुकूम सोडत होता.

त्याचं तत्त्वज्ञानही ऐकण्यासारखं होतं. "माणूस वाऱ्यावर जगतो," तो लाऊडस्पीकरवरून सांगत होता. "आणि या राक्षसाला आहेत तीन हात. तिन्ही हातांनी तो तुमच्या वाटणीचा वारा ओढतो आणि त्याची वीज करतो. तुमच्या खोलीत जो दिवा जळतो ना, त्यात तुमच्याच छातीतला वारा जळतोय. मग छाती रिकामी राहील नाहीतर काय?"

विजेमुळे छाती रिकामी होत असेल तर त्याच्या डोक्यावरचे चार दिवे आणि तोंडापुढचा लाऊडस्पीकर कशावर चालले होते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. एका आजोबांनी एवढंच विचारलं, की गुरुदेव, बाकीच्या सहा का थांबत नाहीत? उत्तर मिळालं, त्या सहा टेकडीपलीकडच्या वस्तीचा श्वास खातात, त्या वस्तीनं आपला गुरू शोधावा. लोकांनी माना डोलावल्या. हीच माणसं दुकानात पावभर साखर घेताना वजनकाट्याकडे डोळे वटारून बघतात, इथे मात्र कशालाही माना डोलावतात.

पण मला खरा धक्का बसला तो टोपलीनं. दम्याच्या माणसांनी आपापले औषधाचे पंप तिच्यात टाकले होते. चाळीस दिवसांच्या साधनेत पंप ओढायचा नाही, यंत्राचा श्वास आणि गुरूचा श्वास एका छातीत राहत नाहीत, असा नियम होता. टोपली काठोकाठ भरली होती. त्यात मला एक पंप दिसला, त्याला पावाच्या पाकिटाची लाल चिकटपट्टी गुंडाळलेली होती. तो माझ्या वहिनीचा होता.

मी तडक दादाच्या बेकरीत गेलो. दादा भट्टीसमोर होता. वहिनी मैदानातून येऊन पुन्हा चाळणीशी बसल्या होत्या, केसांवर, पापण्यांवर पीठ. माझ्याकडे बघून हसल्या आणि बोलायला तोंड उघडलं तर वाक्याच्या मध्येच थांबून त्यांना दम घ्यावा लागला. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

मी विचारलं, पंप कधी दिला? बावीस दिवस झाले म्हणाल्या. आणि बरं वाटतं का? "मैदानात बसते तेवढा वेळ अगदी मोकळं वाटतं, भाऊजी. खोटं कशाला बोलू? घरी आलं की पुन्हा धरतं."

"कारण घरी येईपर्यंत चक्की पुन्हा सुरू होते," दादा भट्टीकडे तोंड करूनच म्हणाला. "तू कंपनीचं मीठ खातोस. तुला हे पटायचं नाही."

मी त्याला समजावायला बसलो. म्हटलं, तुझा कणीक मळायचा मिक्सर बघ. त्याला वीज दिली की आतला दांडा फिरतो. पवनचक्कीत ह्याच्या उलट होतं, दांडा फिरवला की वीज येते. दांडा फिरवायचं काम वारा करतो. पात्याची एक बाजू फुगीर आणि एक चपटी असते, विमानाच्या पंखासारखी. वारा त्यावरून गेला की पातं एका बाजूला ओढलं जातं, आणि तीन पाती अशी ओढली गेली की मधला दांडा फिरतो. मिनिटाला जेमतेम पंधरा फेऱ्या. मग वरच्या पेटीतली दातेरी चाकं त्या पंधराच्या दीड हजार करतात, आणि तेवढ्या वेगानं तारेच्या गुंडाळीत चुंबक फिरला की वीज तयार होते. ती केबलमधून खाली येते. वाऱ्याचा थोडा वेग जातो, बस. हवा आहे तेवढीच राहते. पात्यांच्या पलीकडे गेलेली हवा मोजली तर एक घोटही कमी भरणार नाही. श्वासाला हवा लागते, वेग लागत नाही. नाहीतर पंखा बंद करून झोपणारी माणसं सकाळी उठलीच नसती.

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग लांब दांड्याच्या फावड्यानं पावांचा ट्रे बाहेर ओढला आणि एकच प्रश्न विचारला. "बरं. मग तो हात करतो तेव्हा ती थांबते कशी?"

मला उत्तर येत नव्हतं. नट, बोल्ट, ग्रीस आणि पात्यांच्या भेगा हे माझं काम. कुठली चक्की कधी चालू, कधी बंद हे दूरच्या कंट्रोल रूममधले लोक संगणकावर ठरवतात. शिवाय हे काम शिकून इथे रुजू होऊन मला आठच महिने झाले होते. दादा जिंकला. वहिनी पुन्हा पीठ चाळू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेलो तो थेट तीन नंबरच्या बुंध्याशी. लोखंडी दार उघडलं की आत एक पेटी असते. चक्की कधी थांबली आणि का थांबली, याची नोंद तिच्यात राहते. गेले तेवीस दिवस बघितले. चार दिवस सोडले तर रोज संध्याकाळी चक्की स्वतःहून थांबली होती आणि कारणाच्या रकान्यात रोज एकच आकडा होता. तो आकडा कशाचा, हे पुस्तिकेत शोधलं. त्यापुढे छापलं होतं, सावली.

मी कंट्रोल रूमला फोन लावला. तिकडच्या बाईंचा आवाज जांभई दिल्यासारखा होता. त्या म्हणाल्या, "तुमच्याच लोकांचा अर्ज आहे ना. दोन वर्षं झाली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. वर्षातले चाळीस दिवस मावळता सूर्य बरोबर तीन नंबरच्या मागे येतो. फिरत्या पात्यांची सावली लांब होऊन खालच्या घरांवर पडते आणि खोल्यांमधला उजेड सारखा लुकलुकतो. लोकांनी तक्रार केली, डोळे दुखतात, डोकं उठतं. कंपनीनं संगणकाला सांगून ठेवलं, या चाळीस दिवसांत या वेळी ऊन असेल तर तीन नंबर बंद ठेवायची. वेळ झाली की पाती आपल्या अंगाभोवती वळून वाऱ्याला कड दाखवतात, वारा निसटून जातो आणि चक्की थांबते. ढग आले तर सावलीच नाही, मग थांबायचं कारणही नाही. त्यासाठी खांबावर उजेड मोजणारं एक छोटं यंत्र बसवलेलं आहे.

त्या चार दिवसांचा उलगडा झाला. ते ढगाळ होते. त्या दिवशी श्वासगुरूंचं मौन असायचं, ते घराबाहेर पडत नसत.

मी शेवटचं विचारलं, या वेळांचं पत्रक कुणाला पाठवलंत? "अर्जावर पहिली सही असेल त्याला. आणि एक प्रत तुमच्या नगर कार्यालयाला."

नगर कार्यालयातल्या कारकुनानं फाइल शोधली, धूळ झटकली, माझ्यासमोर टाकली. म्हणाला, हे पत्रक बाहेरच्या फलकावर सहा महिने लावलं होतं, कुणी ढुंकून बघितलं नाही. शेवटी हरवलेल्या मांजराची जाहिरात लावायला जागा हवी होती म्हणून काढलं. अर्जावर त्रेचाळीस सह्या होत्या. रोज संध्याकाळी मैदानात आ वासून बसणाऱ्या निम्म्या लोकांच्या सह्या त्यात होत्या. तिसरी सही माझ्या दादाची होती. आणि पहिली सही, दुकानाच्या शिक्क्यासकट, घड्याळवाल्याची.

स्वतः मागायचं, स्वतः सही करायची, मिळालं की विसरायचं, आणि दोन वर्षांनी तेच कुणी हात वर करून दिलं की त्याच्या पाया पडायचं. अशा लोकांना फसवायला फार अक्कल लागत नाही. घड्याळवाल्याकडे ती फार नव्हतीच. त्याच्याकडे एक घड्याळ होतं, आणि चाळीस ओळींचा एक कागद.

मी पत्रकाच्या वीस प्रती काढल्या. बेत असा होता, की सगळे जमले की व्यासपीठावर चढायचं आणि वाचून दाखवायचं. त्या दिवसाची वेळ होती पाच एकोणीस.

पाच वाजून नऊ मिनिटांनी मैदानाच्या कडेला आरडाओरडा झाला. दादा वहिनींना जवळजवळ उचलूनच आणत होता. दुपारी पिठाची पोती आली होती, ती रिकामी करता करता त्यांना दम लागला होता. ओठ निळसर पडले होते, खांदे वर ओढले जात होते आणि दोन शब्दही बोलता येत नव्हते. लोक बाजूला सरले. दादानं त्यांना व्यासपीठाच्या पायरीवर बसवलं.

"गुरुदेव, आत्ता थांबवा," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

श्वासगुरू उठले. त्यांनी बाही सावरली. मी पुढेच उभा होतो म्हणून मला दिसलं. बाहीच्या आत मनगटावर घड्याळ होतं, त्यावर त्यांची नजर गेली, आणि ते पुन्हा खाली बसले.

मग त्यांनी प्रवचन सुरू केलं. राक्षस आज चिडलेला आहे. वाऱ्याची वेळ यावी लागते. शिष्येनं धीर धरावा, मनातली शंका टाकावी, शंका हीच खरी धाप. माझ्या वहिनी तिथे हवेसाठी तडफडत होत्या आणि हा माणूस दहा मिनिटं भरून काढायला शब्दांचं पीठ दळत होता. कारण त्याला दहा मिनिटं आधी चक्की थांबवता येत नव्हती. दहा मिनिटं काय, दहा सेकंदही नाही.

"रोज तर थांबवता," दादा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "मग आत्ता का नाही? नुसता हात वर करा ना."

गुरूंनी पुन्हा बाहीत बघितलं. या खेपेला दादालाही दिसलं. तीस वर्षं त्या माणसानं भट्टीपुढे घड्याळ बघून पाव काढले आहेत. घड्याळ बघणारा माणूस कसा दिसतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढचं मला नीट आठवत नाही, इतका माझा संताप झाला होता. मी टोपली उलटी केली. पंप घरंगळत सगळीकडे गेले. लाल चिकटपट्टीचा उचलला, हलवला आणि वहिनींच्या तोंडाला लावला. "नियम मोडला तर मी जबाबदार नाही," गुरू लाऊडस्पीकरवर ओरडत होते. दादानं वायर खेचून लाऊडस्पीकर बंद केला. पहिला फवारा वाया गेला, दुसरा आत गेला. थोड्या वेळानं तिसरा, मग चौथा. हळूहळू वहिनींचे खांदे खाली आले. त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता, ती पकड सैल झाली.

पाच एकोणीसला मी टेकडीकडे पाठ करून, दोन्ही हात खिशात घालून उभा राहिलो. लोकांना म्हटलं, माझ्याकडे बघू नका, गुरूंकडेही बघू नका, चक्कीकडे बघा. गुरू त्या वेळी खाली वाकून घरंगळलेले पंप गोळा करत होते. समोरच्या तीनशे चेहऱ्यांवरून मला कळलं की ती थांबली.

मग मी प्रती वाटल्या. अर्ज वाचला, सह्यांची नावं वाचली. ज्याचं नाव यायचं तो खाली बघायचा. उद्या किती वाजता थांबेल, परवा किती वाजता, चाळीसच दिवस का, ढगाच्या दिवशी मौन का, सगळं सांगितलं. शेवटी घड्याळवाल्याला म्हटलं, आता ती थांबलेली आहे, पाच सेहेचाळीसच्या आधी सुरू करून दाखवा, मी तुमचा शिष्य होतो. त्यानं अंगरखा सावरला आणि म्हणाला, नास्तिकांसमोर शक्ती वाया घालवायची नसते. हे वाक्य बोलताना तो पायऱ्या उतरत होता.

सगळे शहाणे झाले असं मात्र समजू नका. मागच्या रांगेतला एक जण जाता जाता बायकोला सांगत होता, आज गुरूंनी हात न उचलता, मनातूनच थांबवली, शक्ती वाढलीय. अशा माणसापुढे मी हात टेकतो. बाकीच्यांनी आपापले पंप शोधून नेले, तेही एकमेकांची नजर चुकवत.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी वहिनींना एका नळीत जोरानं फुंकायला लावलं, आकडा बघितला आणि कपाळाला आठी घातली. वहिनींनी विचारलं, मैदानात मला बरं कसं वाटायचं मग? डॉक्टर म्हणाल्या, तासभर मोकळ्या हवेत, पिठापासून लांब बसल्यावर वाटणारच. "तुमचा दमा पिठाच्या धुळीचा आहे. चाळणं, पोती ओतणं बंद, हे मी चार महिन्यांपूर्वीच कागदावर लिहून दिलं होतं. यांच्या हातात."

दादा खिडकीतून बाहेर बघत होता. मग तो म्हणाला, "माझ्याच पिठानं तुला दम लागतो, हे मला बघवेना गं. त्यानं चक्कीचं नाव घेतलं, मला सुटल्यासारखं झालं."

मी घड्याळवाल्याला लुच्चा म्हणतो, आणि तो आहेच. पण त्यानं काही नवं विकलं नव्हतं. दोष दूरच्या टेकडीवर आहे, आपल्या घरात नाही, एवढंच तो सांगत होता, आणि हे ऐकायला तीनशे माणसं खुर्च्या घेऊन येत होती. कुणी हात वर करून काही थांबवून दाखवलं तर टाळ्या वाजवायच्या आधी त्याला म्हणा, दहा मिनिटं आधी थांबव. फलकावर लावलेला कागद वाचा. आपण कशावर सही केली ते लक्षात ठेवा. आणि ज्याला त्रास होतोय त्यालाच विचारा, कशानं होतो, कारण आमच्या घरात ते कुणीही केलं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना वहिनी दादाला शांतपणे म्हणाल्या, "चाळणीजवळ बसलं की छाती भरते, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुम्ही मला विचारलंच नाहीत."